बेळगाव सीमाभागात मोटारसायकल शिकताना: मैदानापासून घाटापर्यंत

जांबोटी सोडून चोर्ल्याच्या दिशेने निघाले, की रस्ता जंगलात शिरतो आणि वळणामागून वळण सुरू होते. गाडी एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे झुकवत जाताना जो आनंद मिळतो, तो चारचाकीच्या काचेआड बसून मिळत नाही, कारण मोटारसायकल वळते तेव्हा चालकाचे सगळे शरीर तिच्याबरोबर वळते. धोकाही नेमका तिथेच असतो. भोवती पत्रा नाही, कमरेला पट्टा नाही आणि रस्त्याशी नाते आहे ते फक्त तळहाताएवढ्या दोन जागांपुरते, जिथे टायर डांबराला टेकलेले असतात. त्या दोन जागांवर वाळू, चिखल किंवा उसाचे पाचट आले, की क्षणात सगळे बिनसते.

आपल्या भागात होते असे, की पाडव्याला नवी गाडी दारात येते आणि मिरगाचा पहिला पाऊस झाला, की आंबोली किंवा चोर्ला गाठायची घाई सुरू होते. शिकण्याचा क्रम याच्या अगदी उलटा हवा. आधी मोकळे मैदान, मग गावाजवळचा कमी वर्दळीचा रस्ता, मग शहर, त्यानंतर महामार्ग, मग कोरड्या दिवसांतला घाट आणि सर्वांत शेवटी पावसातला घाट, असा तो क्रम असावा. पहिल्या पावसाळ्यात घाटात जाऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पुढील मार्गदर्शन याच क्रमाने केले आहे.

कागदपत्रे

गिअरच्या मोटारसायकलसाठी वयाची १८ वर्षे पूर्ण असावी लागतात. सोळाव्या वर्षी परवाना मिळतो ही गोष्ट खरी असली, तरी ती सवलत ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीपुरती आहे. घरोघरी दिसणाऱ्या ११० किंवा १२५ सीसीच्या स्कूटर तिच्यात बसत नाहीत, हे अनेक पालकांना ठाऊक नसते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी सापडल्यास पालकाला किंवा गाडीच्या मालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, शिवाय गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होऊ शकते. ‘हितल्या हितं तर जातोय, काय होतंय’ असे म्हणून किल्ली हातात देण्यापूर्वी घरातील मोठ्यांनी एवढे लक्षात घ्यावे.

शिकाऊ परवाना सहा महिने चालतो आणि तो मिळाल्यापासून ३० दिवसांनंतर पक्क्या परवान्याची चाचणी देता येते. या काळात गाडीला पुढे-मागे लाल रंगात ‘एल’ लिहिलेली पाटी लावावी आणि शिकवणाऱ्याखेरीज कोणालाही मागे बसवू नये.

सीमाभागात आणखी एक गोष्ट नेहमी आड येते. कोल्हापूरच्या मामांची किंवा चंदगडच्या दाजींची जुनी गाडी शिकण्यासाठी आणली जाते आणि वर्षानुवर्षे एमएच-०९ क्रमांकावरच बेळगावात फिरत राहते. परराज्यातील गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ इथे ठेवायची असल्यास मूळ कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र आणून इथे नव्याने नोंदणी करावी लागते. परवान्याला मात्र राज्याची हद्द नसते. इथला परवाना शिनोळीच्या पलीकडे महाराष्ट्रातही चालतो आणि गोव्यातल्या साखळी गावीही चालतो. परवाना, आरसी, विमा आणि प्रदूषण प्रमाणपत्र डिजिलॉकर किंवा एम-परिवहनमध्ये मोबाईलवर ठेवलेले चालते, तरी घाटाच्या भागात रेंज जाते, म्हणून छायाप्रतींचा एक संच सीटखाली असू द्यावा.

हेल्मेट आणि कपडे

हेल्मेट दंड चुकवण्यासाठी घेतले, की ते रस्त्याकडेच्या ढिगातून घेतले जाते आणि बहुधा आरशाला लटकत राहते. १ जून २०२१ पासून आयएसआय चिन्ह नसलेले दुचाकीचे हेल्मेट विकण्यास देशात बंदी आहे, तरीही टोपीसारखी अर्धी हेल्मेटे मिळतातच. हनुवटी झाकणारे पूर्ण हेल्मेट घ्यावे, कारण तोंडावर पडणाऱ्याला अर्ध्या हेल्मेटचा उपयोग नसतो. दुकानात ते घालून पट्टा आवळावा, मागची खालची कड दोन्ही हातांनी धरून पुढच्या बाजूला उचलून पाहावे. ते डोक्यावरून निघू लागले, तर माप मोठे आहे. गालांना किंचित दाब जाणवला पाहिजे, कारण आतला स्पंज काही आठवड्यांत बसतो. काच पारदर्शकच असावी. काळी काच दुपारी सुखाची वाटते आणि संध्याकाळी सातला हत्तरगीजवळ समोरून येणाऱ्या दिव्यांत डोळ्यांपुढे अंधार आणते. एकदा अपघातात आपटलेले हेल्मेट बाहेरून ठीक दिसले, तरी पुन्हा वापरू नये.

हातमोजे, घोटा झाकणारे बूट आणि जाड कापडाचे जॅकेट एवढे तरी सुरुवातीपासून असावे. पडताना माणूस नकळत हात पुढे टेकतो आणि आधी तळहात सोलून निघतो. चप्पल घालून गिअर टाकण्याची सवय पहिल्याच महिन्यात मोडावी.

मैदानावरचे धडे

शिकण्यासाठी १०० ते १२५ सीसीची हलकी गाडी पुरेशी आहे. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरील नव्या गाड्यांना एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक लावला तरी चाक अडकू न देणारी यंत्रणा, सक्तीचे आहे आणि त्याखालच्या गाड्यांना दोन्ही ब्रेक एकत्र लागण्याची सोय असते. जुनी गाडी घेतली असल्यास यांपैकी काहीच नसेल हे गृहीत धरून शिकावे. अनेक गाड्यांत एबीएस फक्त पुढच्या चाकाला असते, म्हणजे मागचा ब्रेक जोरात दाबल्यावर मागचे चाक घसरू शकते, हेही माहीत असावे.

सुगी संपल्यानंतर गावाबाहेर मोकळे माळ मिळतात, तिथे सकाळी सात वाजता आरंभ करावा. पहिला धडा क्लचचा. गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकून ॲक्सिलरेटर न देता क्लच अगदी हळू सोडत जावे, म्हणजे एका जागी गाडी पुढे ओढू लागते. ती जागा बोटांना पाठ झाली पाहिजे. तिथल्या तिथे क्लच किंचित दाबत-सोडत आणि मागचा ब्रेक हलका ठेवून चालण्याच्या वेगाने गाडी नेता आली, की अर्धे शिक्षण झाले म्हणावे. त्यानंतर दोन दगड ठेवून त्यांभोवती आठचा आकडा काढावा. नजर पुढच्या चाकावर ठेवली तर पाय टेकावा लागतो आणि पुढच्या दगडापलीकडे ठेवली तर गाडी आपोआप तिकडे जाते. घाटात जीव वाचवणारा धडा हाच आहे.

दुसरा धडा ब्रेकचा, आणि त्यावर सर्वांत जास्त वेळ द्यावा. पुढचा ब्रेक लावला तर गाडी उलटते, ही गावागावांत ऐकू येणारी समजूत आहे. प्रत्यक्षात ब्रेक लागताच वजन पुढे येते, पुढचे टायर रस्त्याला अधिक घट्ट चिकटते आणि गाडी थांबवण्याचे बहुतेक काम पुढचा ब्रेकच करतो. तो झटक्याने आवळू नये, आधी थोडा आणि मग वाढत्या जोराने दाबावा, हँडल सरळ असावे आणि पायाने मागचा ब्रेक सोबत द्यावा. आधी २० च्या वेगाने, मग ३० आणि ४० च्या वेगाने ठरलेल्या रेषेवर थांबण्याचा सराव करावा.

वेग दुप्पट झाला, की ब्रेक लावल्यानंतरचे अंतर चौपट होते. डोळ्यांनी पाहून बोटे ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला असे धरले, तर कोरड्या चांगल्या डांबरावर ४० च्या वेगाची गाडी थांबायला सुमारे २० मीटर लागतात, ६० ला सुमारे ३७ आणि ८० ला ५७ च्या आसपास. मैदानावर पावलांनी हे अंतर मोजून पाहावे. ओल्या रस्त्यावर यात बरीच भर पडते.

तिसरा धडा वळणाचा. साधारण २५ च्या वर वेग गेला, की मोटारसायकल हँडल फिरवून वळत नाही. डावीकडे वळायचे असेल तर डावी मूठ हलकेच पुढे ढकलावी, म्हणजे गाडी डावीकडे झुकते आणि वळते. ऐकताना हे उलटे वाटते, पण सायकल चालवणारा प्रत्येक जण नकळत हेच करत असतो. नकळत येणारी ही गोष्ट जाणून करता यावी, म्हणजे वळणात अचानक दगड दिसल्यावर हात गोठत नाहीत.

गावरस्ता आणि शहर

मैदानानंतर येळ्ळूर, कडोली, बेकिनकेरे अशा गावांकडचे रस्ते बरे. तिथे वाहने कमी असतात, पण रस्ता कोणाचाच नसतो. सुगीच्या दिवसांत हुलगे, सोयाबीन आणि भाताचे काड थेट डांबरावर पसरलेले असते, जेणेकरून जाणाऱ्या गाड्यांनी आपोआप मळणी व्हावी. त्यावरून जाताना ब्रेक लावणे आणि वळवणे दोन्ही टाळावे, लांबूनच वेग उतरवून गाडी सरळ ठेवावी आणि जमल्यास कडेने निघून जावे. लांब काड चेनमध्ये आणि चाकात गुंतते, म्हणून पुढे थांबून ते काढून टाकावे. कुत्रे अंगावर आले तर पाय झाडू नये. आधी वेग कमी करून त्याचा अंदाज चुकवावा आणि जवळ येताच पुढे निघावे.

गळीत हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो आणि उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चालतो. या काळात निपाणी, चिकोडी, संकेश्वर, गोकाक या पट्ट्यातील रस्त्यांवर ट्रॅक्टरमागे दोन दोन ट्रॉल्या जोडलेल्या असतात, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला असतो आणि मागे दिवा किंवा रिफ्लेक्टर असेलच असे नाही. टेप एवढा मोठा लावलेला असतो, की हॉर्न ऐकू जाण्याची आशा धरू नये. रात्री अशी ट्रॉली समोर दिसते तेव्हा फार उशीर झालेला असतो, म्हणून नवख्याने हंगामात अंधार पडल्यावर या रस्त्यांवर जाणे टाळावे. ओलांडताना दोन्ही ट्रॉल्यांची लांबी धरावी, कारण दुसरी ट्रॉली खड्ड्यात झोकांडी खाऊन उजवीकडे येते. कारखान्याजवळच्या वळणांवर पडलेला ऊस चिरडून रस्ता चिकट झालेला असतो.

शहरासाठी थोडक्यात सांगायचे तर गणपत गल्ली, खडे बाजार या भागांत धोका वेगाचा नसतो, अचानक उघडणाऱ्या दारांचा आणि मध्येच थांबणाऱ्या रिक्षांचा असतो. उभ्या गाड्यांपासून हातभर अंतर ठेवावे आणि दोन बोटे कायम ब्रेकवर असावीत. टिळकवाडीतील रेल्वे फाटकांवर रूळ शक्यतो काटकोनात ओलांडावेत. ओल्या रुळांवर गाडी तिरकी घातली, की चाक घसरते.

महामार्ग

बेळगाव ते निपाणी हा राष्ट्रीय महामार्ग ४८ चा भाग सरळ आणि रुंद असल्यामुळे नवख्याला सोपा वाटतो. तिथला वेग आपला नसून इतरांचा असतो, हे आधी समजून घ्यावे. मागून शंभराने येणारी मोटार आरशात ठिपक्याएवढी दिसते आणि लेन बदलेपर्यंत पाठीशी येते. आरसा पाहून झाल्यावर खांद्यावरून एकदा मागे पाहिल्याशिवाय लेन बदलू नये. मोठा ट्रक ओलांडताना आधी तो वारा अडवतो आणि त्याच्या पुढे निघताच वारा एकदम अंगावर येतो. गाडी हलली तरी मुठी आवळू नयेत, गुडघ्यांनी टाकी धरावी. ट्रकच्या आरशात चालकाचा चेहरा दिसत नसेल, तर त्यालाही आपण दिसत नाही.

गावांच्या फाट्यांवर उलट्या दिशेने येणाऱ्या दुचाकी हा या मार्गावरचा नित्याचा प्रकार आहे. काकतीपासून कोगनोळीपर्यंत प्रत्येक फाट्यापूर्वी वेग कमी करावा आणि वळसा कितीही लांब वाटला, तरी आपण स्वतः उलटे जाऊ नये. तवंदी घाट लहान असला, तरी उतारावर अवजड ट्रकांचे ब्रेक तापलेले असतात, म्हणून त्यांच्या पुढे किंवा दोन ट्रकांच्या मध्ये रेंगाळू नये.

घाट

घाटाचा सराव येळ्ळूरच्या राजहंसगडाच्या चढावर करावा. अंतर थोडे आहे, चढ आहे, वळणे आहेत आणि चुकले तर घर जवळ आहे. तिथे हात बसल्यावर कोरड्या दिवसांत, शनिवार-रविवार सोडून, शिनोळी, पाटणे फाटा, चंदगडमार्गे आंबोली किंवा जांबोटी, कणकुंबीवरून चोर्ला असा बेत करावा. निघताना टाकी बेळगावातच भरावी. टायर पाहावे, कडेवरच्या लहान त्रिकोणाच्या रेषेत खाचांतला उंचवटा बाकीच्या रबराला टेकला असेल, तर टायर संपले आहे. चेनचा सैलपणा साधारण २० ते ३० मिलिमीटर असतो, नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत दिलेला असतो.

वळणाचे सगळे काम वळणाच्या आधी उरकावे. सरळ रस्त्यावरच ब्रेक लावून वेग उतरवावा, गिअर खाली आणावा, वळणात शिरल्यावर ॲक्सिलरेटर हलका आणि एकसारखा ठेवावा आणि नजर वळण जिथे संपते तिकडे लावावी. माणूस ज्याकडे पाहतो तिकडेच गाडी जाते. कठड्याकडे किंवा समोरच्या बसच्या चाकाकडे डोळे खिळले, की हातही तिकडेच ओढतात, आणि घाटातील एकट्या दुचाकीचे अनेक अपघात असेच होतात. वळणात वेग जास्त झाला असे वाटले, तर ब्रेक आवळण्यापेक्षा आतल्या बाजूची मूठ आणखी ढकलून गाडी अधिक झुकवावी. नवख्याला वाटते त्याहून गाडी कितीतरी जास्त झुकू शकते.

उजव्या वळणाकडे विशेष लक्ष द्यावे. मध्यरेषेला चिकटून उजवीकडे झुकले, की चाके आपल्या बाजूला असूनही डोके आणि खांदा रेषेपलीकडे गेलेला असतो, आणि समोरून वळण कापत येणाऱ्या बसला तेवढीच जागा लागते. म्हणून उजव्या वळणात आपल्या लेनच्या डाव्या बाजूने शिरावे. डाव्या वळणात कडेची वाळू आणि गटाराकडची पडझड टाळून लेनच्या मध्याच्या किंचित उजवीकडे असावे, पण पुढचे दिसत नसेल तर रेषेपासून दूरच राहावे. आंधळ्या वळणावर ओलांडू नये, मग पुढचा टेम्पो कितीही धूर सोडत असो.

उतरताना ज्या गिअरमध्ये चढलो असतो त्याच गिअरमध्ये उतरावे, म्हणजे इंजिनच गाडीला धरून ठेवते. पेट्रोल वाचवण्यासाठी इंजिन बंद करून न्यूट्रलमध्ये घाट उतरण्याची जुनी सवय काही जणांना असते. अशा वेळी सगळा भार ब्रेकवर येतो, ते तापतात आणि ऐन गरजेला सैल पडतात. रस्ता अरुंद असेल तिथे चढणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यावी, असा नियमही आहे.

खानापूर, चंदगड, आंबोली या जंगलपट्ट्यात गवे रस्त्यावर येतात, आणि ते पहाटे व संध्याकाळी अधिक दिसतात. एक गवा ओलांडून गेला म्हणून लगेच पुढे जाऊ नये, मागे कळप असू शकतो. लांब थांबावे, हॉर्न वाजवू नये, दिव्याची उघडझाप करू नये आणि मोबाईल काढण्याचा मोह आवरावा. परतीची वेळही आधीच ठरवावी. उजेड असतानाच जंगलपट्टा मागे पडावा, असा हिशेब धरून दुपारी निघावे.

गोव्याकडून परतणाऱ्यांसाठी एक गोष्ट स्वतंत्र सांगायला हवी. दारू पिऊन गाडी चालवण्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल एवढी आहे आणि पहिल्याच गुन्ह्याला १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. तोल सांभाळून चालवायच्या वाहनावर त्या मर्यादेच्या आतही हात मंदावतात. रात्री तिथेच मुक्काम करावा.

पाऊस

वळवाची पहिली सर सर्वांत घसरडी असते, कारण महिनोन्महिने साचलेले तेल आणि धूळ पाण्यावर तरंगून वर येते. अर्धा तास थांबून चहा घ्यावा, चांगला पाऊस पडून रस्ता धुतला जातो. खानापूरकडच्या तांबड्या मातीच्या रस्त्यांवर मात्र उलट होते. ट्रकांच्या चाकांना चिकटून आलेला चिखल पाऊस वाढेल तसा अधिक निसरडा होतो. पाण्याने भरलेला खड्डा किती खोल आहे ते कळत नाही, म्हणून पुढच्या वाहनाची चाके कुठे बुडतात ते पाहत जावे. पूल किंवा फरशीवरून पाणी वाहत असेल, तर गुडघाभर वाटले तरी गाडी घालू नये, मागे फिरावे.

चोर्ल्यात आणि आंबोलीत जुलै-ऑगस्टमध्ये धुके एवढे दाटते, की पुढची मोटार तांबड्या दिव्यापुरती उरते. दिवा लो बीमवर ठेवावा, हाय बीमचा उजेड धुक्यावरून डोळ्यांवरच परत येतो. चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावू नयेत, वळण्याची खूण त्यात हरवते. काही दिसेनासे झाले, तर डांबर पूर्ण सोडून रुंद जागी थांबावे.

मागे कोणी बसल्यावर

पक्का परवाना आणि काही महिन्यांचा सराव झाल्यावरच मागे कोणाला घ्यावे. वजन वाढल्यामुळे थांबण्याचे अंतर आणि वळणाचा अंदाज दोन्ही बदलतात. आई, मावशी किंवा वहिनी एका बाजूला पाय सोडून बसत असतील, तर पदर आणि ओढणी बसण्यापूर्वीच खोचून घ्यावी, मागच्या चाकाला साडीगार्ड असल्याची खात्री करावी आणि जमल्यास त्यांना दोन्ही बाजूंना पाय टाकून बसण्यास सांगावे. चाकात ओढणी अडकून होणाऱ्या जखमा गळ्याला होतात. चार वर्षांखालील मुलासाठी हेल्मेट आणि चालकाला बांधलेला पट्टा १५ फेब्रुवारी २०२३ पासून आवश्यक आहे आणि त्या वेळी वेग ४० च्या वर नेता येत नाही. टाकीवर मूल बसवून बाजाराला जाणे नेहमीचे असले, तरी ब्रेक लागताच ते मूल आधी हँडलवर आदळते.

अपघात झालाच तर

आधी स्वतःला आणि मागून येणाऱ्या वाहनांपासून जखमीला वाचवावे. वळणाच्या अलीकडे कोणाला तरी उभे करून वाहने थांबवावीत. ११२ आणि १०८ हे क्रमांक कर्नाटक, महाराष्ट्र आणि गोवा या तिन्ही राज्यांत चालतात. शेवटचे ओलांडलेले गाव, किलोमीटरचा दगड किंवा मंदिर सांगता आले, तर गाडी लवकर पोचते, म्हणून घाटात जाताना दगडांवरचे आकडे पाहत जाण्याची सवय ठेवावी. जखमीचा श्वास अडकत नसेल तर हेल्मेट ओढून काढू नये, मानेला इजा असू शकते. पाणी पाजू नये. मदत करणाऱ्याला त्याच्या इच्छेविरुद्ध नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करता येत नाही, मोटार वाहन कायद्यात त्याला तसे संरक्षण आहे. मे २०२५ पासून रस्ते अपघातातील जखमीला योजनेतील रुग्णालयात सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोख न भरता मिळण्याची केंद्राची योजना लागू आहे, तिची आठवण रुग्णालयात करून द्यावी.

गाडी हलवण्यापूर्वी रस्त्याची, दोन्ही वाहनांची आणि क्रमांकांची छायाचित्रे घ्यावीत आणि विमा कंपनीला त्याच दिवशी कळवावे. अपघात कोणत्या राज्याच्या हद्दीत झाला ते नीट पाहावे, कारण शिनोळीजवळ काही पावलांच्या फरकाने तक्रार कर्नाटकऐवजी महाराष्ट्राच्या पोलीस ठाण्यात नोंदवावी लागते. परवाना वैध नसल्यास गाडी मालकाचा वैयक्तिक अपघात विमा मिळत नाही आणि समोरच्याला दिलेली भरपाई कंपनी मालकाकडून वसूल करू शकते, तेव्हा परवान्याची आणि विम्याची मुदत संपण्याची तारीख मोबाईलमध्ये एक महिना आधीच्या आठवणीसह नोंदवून ठेवावी.